बेबाबाईचे चार दिवस

गोठ्यामागे लघवीला बसून उठताना बेबाबाईला लुगड्यावर रक्त दिसलं. दोन वर्षांत एक थेंब नव्हता. आणि आज हा एवढा लालभडक डाग. तोही कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी! उद्याच्या रविवारी सगळे भाऊबंद घरी जमणार होते. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी धुऊन वाळवलेला गहू सकाळपासून तीच दळत होती. पाळीतल्या बाईची सावलीसुद्धा ज्या गव्हाला चालत नाही, तो गहू!

पण ही पाळी नव्हती. ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दोन वर्षांपूर्वी तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर निघाला. नवऱ्याने, भटूने, तिला दोंडाईच्याहून गाडीत बसवून मुंबईला नेलं. तिथे रेडियम लावलं. डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याआड घेऊन सांगितलं, "बाई, आता पाळी यायची नाही. मूलही व्हायचं नाही." तेवढं ऐकूनच तिचे कान बधिर झाले. त्या पुढे बरंच बोलल्या, पण डोक्यात काही शिरलं नाही. वय तिशीचं, पदरात एकुलती मुलगी. हे घरी सांगायचं म्हणजे सवतीला आपल्या हातांनी पाट मांडायचा. मोठी जाऊ कुंदाबाई टपलेलीच होती, तिच्या मावशीची नात लग्नाला आली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बेबाबाई गावी आली आणि दर महिन्याला चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात बाहेर बसू लागली.

लबाडी होती, पण त्या लबाडीत सुख होतं. रेडियमने रोग नेला, तरी मागे बरंच काही ठेवलं होतं. डावा पाय दिवस कलेपर्यंत खांबासारखा सुजायचा. लघवीला घटकाभर धीर निघायचा नाही, आणि जाऊन आलं की आग आग व्हायची. निंदणीत खुरपं टाकून ती बांधाआड पळायची आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. खटल्याच्या घरात सुनेने दिवसाढवळ्या आडवं व्हायची काय टाप होती! त्या चार दिवसांत मात्र कुणी कामाला हात लावू देत नसे. पाय गोधडीवर टेकवून ती निवांत पडून राही.

सासू ताईबाई तोंडाची फटकळ. सुनेपुढे लांबून भाकरी सरकवायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "बेबी बाहेर बसेल शे!" बेबाबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण गल्ली समजून जायची, की हिचं सगळं जागच्या जागी आहे, आज ना उद्या मुलगा होईल. भटू मात्र मुंबईहून आल्यापासून शेतातच निजायला जायचा. आपल्यावरून त्याचं मन उडालं, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं आणि गिळूनही टाकलं होतं.

आता हे रक्त. म्हणजे रोगच परत आला.  ती डाग निऱ्यांत लपवायला गेली, तोवर कुंदाबाई समोर उभी.

"मागला पंधरवाडामाच बसेल व्हती ना वं तू?" कुंदाबाई गोठा दणाणेल अशी ओरडली. "आनि तरी देवीना दळनले हात लावा?"

अंगणातल्या बाया पाखडायच्या थांबल्या.  ताईबाई तरातरा आली. आता ही झिंज्या धरणार, म्हणून बेबाबाईने डोळे मिटले.

"कुंदी, तू जाय, दळाले बस," ताईबाई म्हणाली. कुंदाबाई गेल्यावर तिने सुनेचं मनगट धरून तिला कडब्याच्या गंजीआड ओढलं. उद्याच्या पूजेसाठी न्हालेली, धुवट नेसलेली सासू, आणि तिने रक्ताचं लुगडं सरळ हातात घेऊन पाहिलं.

"हाई पाळी नही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुनी पाळी ते मुंबईमाच सरनी. खरं सांग, रगत लघवीमाईन येस का?"

 बेबाबाईचं दोन वर्षांचं सोंग एका वाक्यात उघडं पडलं होतं. तिने कशीबशी मान हलवली.

"रोगच परत उना का, आत्याबाई?"

"रेडियमनं भाजेल ऱ्हास, त्यानं रगत मागून बी येस. रोगच व्हई असं नही. पन मुंबईले दखाडनं पडी. उद्याना गाडीथीन जा."

"उद्या? आनि कानबाई?"

"कानबाई बाईच शे ना वं. तिले समजस."

बेबाबाईला रडू फुटलं. पण मनातली भीती तशीच होती. सासूला कळलंय म्हणजे सवत आता उंबऱ्याशीच आली. तिने पदर तोंडात कोंबून विचारलं, "तुमले हाई बठ्ठं कोनी सांगं?"

ताईबाईने लुगड्याचा तो काठ शेजारच्या बादलीतल्या पाण्यात बुडवला आणि चोळू लागली.

"भटूनी. त्याले डाक्टरीननी तुना पहिलेच बठ्ठं सांगेल व्हतं, तुले तरास नको म्हनीसनच तो शेतमा निजस. मुंबईथीन ईसन तू पहिला डाव बाहेर बसनी त्याच दिवशी माले बोलना, 'माय, ती बाहेर बसनी ते बसू दे, तेवढाच तिले आराम. आनि माले माहीत शे हाई तिले कळू देऊ नको, नही ते लाजमा ती बसाव नही.'"