चंदनाचा ठिपका

तंजावरच्या रंगमंचावरचे राजे होते आमचे हे. ते गेल्यापासून त्यांच्या प्रत्येक फोटोच्या काचेवर, कपाळाशी, मी रोज चंदनाचा ठिपका लावते. पाच फोटोंत त्यांना खेटून ती वनजा आहे, नाटकातली राणी.

परवा नव्या केबलवर तिची मुलाखत लागली. "राजा माझाच होता," म्हणाली, वर हसली.

मी उठले आणि पाचही फोटोंत तिच्या कपाळावर ठिपका ठेवला.

"आई, हे मेलेल्यांना लावतात!" सून जननी ओरडली. "ती पापनाशमला जिवंत आहे."

"माझ्या भिंतीवर नाही."

आज सकाळी तिची पाचही कपाळं कोरी होती. आमच्या लग्नाच्या फोटोत मात्र यांच्या शेजारी माझ्याही कुंकवावर ठिपका होता.

जननीनं ओलं फडकं घेऊन काच घासली, पुन्हा घासली.

"आई," ती हळूच म्हणाली, "हा काचेच्या आतून आहे."