मागची गादी

रणजीतची नवी मोटारसायकल हरिचंदच्या डोळ्यांत सलत होती. आखाडा बाळापुरात दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्याची हयात चालली होती, आणि हा गडी लडाखला निघाला होता. त्यात हरिचंदच्या बायकोला, निताला, लग्नाआधी पहिल्यांदा बघून गेलेला हाच रणजीत.

"मागं पण गादी कर, पाठ टेकता येईल अशी," रणजीत म्हणाला.

एकट्या माणसाला मागची गादी काहून लागते, हे हरिचंदला पटेना. तरी त्यानं नेहमीसारखी पुढच्या-मागच्या फोमवर खडूची भुकटी भुरभुरली आणि रणजीतला बसवलं. ठसा उमटेल तिथं फोम कोरायचा, ही त्याची रीत.

रणजीत उतरला तेव्हा ठसे दोन होते. मागचा लहान होता, साडीतली बाई एका अंगानं बसते तसा.

"मागं कोण बसलं?"

"कोण बसंल? दुकानात आपण दोघंच तर हावोत."

हरिचंदनं मागचा फोम चाचपला. तो कोमट होता.

दुकान उघडं टाकून तो घरी धावला. पाय मोडल्यापासून निता महिनाभर खाटेवरच होती. आताही प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडली होती.

"आज एवढ्या लवकर काहून आले?"

त्यानं तिला कुशीवर वळवलं. साडीला मागून, एकाच अंगाला, खडू लागला होता.