चौथ्या श्वासाची शीळ

"सर, नवव्या भागात यान मरतं," खुर्चीत नीट टेकायच्या आधीच साउंड डिझायनरने सांगून टाकलं. मग आपण कुणासमोर काय बोललो हे ध्यानात येऊन ती ओशाळली.

समोर म्हातारा ध्वनिमुद्रक बसला होता. चाळीस वर्षांपूर्वी ज्या अंतराळ मालिकेने घराघरांतल्या पोरांना जागेवर खिळवून ठेवलं, तिच्यातलं यान श्वास घ्यायचं. तो श्वास याने बनवला होता. कसा, ते मात्र बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. एका दुपारी बायको डुलकी काढत होती. त्याने तिच्या उशीशी मायक्रोफोन ठेवला आणि पुढे ती टेप निम्म्या वेगाने वाजवली, एवढंच. दर चौथ्या श्वासाला तिच्या नाकातून बारीक शीळ यायची. निम्म्या वेगात तिचा लांबलचक हुंकार व्हायचा, आणि यानाचं डावं इंजिन जखमी आहे यावर चाहत्यांनी पानंच्या पानं लिहिली. बायकोला हसू आवरायचं नाही. तुमच्या यानाला सर्दी झालीय हे एकदा कळवून टाका त्यांना, ती म्हणायची.

पुढे मूळ मालिकेला दोन फाटे फुटले. दोन्हींत यानाला यंत्राची घरघर दिली होती, आणि चाहत्यांनी निर्मात्यांची बिनपाण्याने हजामत केली. त्याने त्या मालिका पाहिल्याच नाहीत. बायकोने दोन्ही मन लावून पाहिल्या आणि निकाल दिला, की ही काही मी नव्हे.

हा तिसरा फाटा. डिझायनर सात वर्षांची असल्यापासून यानाची भक्त. या खेपेला मुळाशी इमान राखायचंच, हे तिने निर्मात्यांशी भांडून पटवलं होतं. जुन्या भागांतून श्वास उचलावा तर त्यावर संवाद बसलेले, म्हणून तिला मूळ टेप हवी होती. त्याने फोनवर दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा 'या' म्हणाला, त्याचं कारण वेगळंच होतं. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, टेप कपाटात पडून होती, आणि ती एकट्याने लावायचं त्याचं धाडस होत नव्हतं.

लेकीने टेप वाजवायच्या मशीनवरची धूळ पुसून दिली आणि ती भांडी घासायला आत गेली. टेप ओवताना तिचं टोक त्याच्या हातून दोनदा निसटलं, तेव्हा डिझायनर उठली. "द्या सर, मी लावते." तिने सफाईने टेप ओवली, डब्यावर लिहिलेला वेग पाहिला, तेवढ्यावर बटण फिरवलं आणि मशीन चालू केलं. तिची काही चूक नव्हती. कुणीही शहाणा माणूस डब्यावर लिहिलेलंच बघणार.

यान आलंच नाही. खोलीत एक बाई झोपली होती.

तिचा श्वास सावकाश आत गेला, बाहेर आला. कूस बदलल्याची सळसळ झाली. मग दुसरा श्वास, तिसरा. चौथ्याला बारीक शीळ आली, आणि आतला भांड्यांचा आवाज थांबला. लेक ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मशीनकडे तिचं लक्षही नव्हतं. ती कोपऱ्यातल्या रिकाम्या पलंगाकडे बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली.

डिझायनरचा हात मशीन बंद करायला पुढे आला. म्हाताऱ्याने तो अडवला आणि बटण स्वतःच निम्म्या वेगावर आणलं. पलंगावरची बाई नाहीशी झाली. भिंतीपलीकडे काहीतरी अवाढव्य, जुनं, दमलेलं श्वास घेऊ लागलं. हा आवाज डिझायनरला तोंडपाठ होता, पण आज तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ती म्हणाली, की आपण कथा बदलू, यान मेलंच पाहिजे असं काही नाही.

त्याने नकारार्थी मान हलवली. तिने केलेलं मरण त्याला ऐकायचं होतं. तिने नाइलाजाने लॅपटॉप उघडला. जुन्या भागांतल्या तुकड्यांवर तिने कच्चं काम करून ठेवलं होतं: श्वास हळूहळू बारीक होत गेला आणि संगीतात विरून गेला. ऐकायला फार गोड होतं.

"हे मुळाला धरून नाही," तो म्हणाला.

"पण सर, मूळ मालिकेत यान मरतच नाही."

"मालिकेत नाही मरत."

त्याने टेबलावर बोट टेकवलं. एक. थोडं थांबून पुन्हा टेकवलं, पहिल्याइतकंच जोरात. दोन. आवाज कमी होत नाही, त्याने सांगितलं, फक्त मधली जागा वाढत जाते. मग तो इतका वेळ थांबला, की लेकीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. आई गेली त्या दिवशी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तीच बसली होती. बोट टेबलावर पडलं. तीन.

डिझायनर घड्याळ बघून सेकंद टिपत होती. लिहिणं एवढं एकच काम तिला त्या खोलीत करता येण्यासारखं होतं. शेवटी तिने विचारलं, "तिसऱ्यानंतर किती जागा सोडू, सर? पुढचं दृश्य कधी लावू?"

म्हाताऱ्याचं बोट टेबलावरून उचललेलं तसंच होतं.

"ते मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "चौथ्याची मी अजून वाट बघतोय."