सत्काराची शाल

भैरू तापकीर नौदलात पाणबुडे होते. निवृत्तीनंतरची वीस वर्षं, इंद्रायणीत कुणी बुडालं की फोन त्यांनाच येतो. भोसरीच्या मंडळानं आज पुन्हा त्यांचा सत्कार केला. शाल पांघरताना अध्यक्ष रविराज हसला, "काका, घरात शालींचा ढीग झाला असंल!"

"एकबी न्हाई, बाळा."

तेवढ्यात फोन वाजला. रविराजनंच त्यांना गाडीतून मोशीला इंद्रायणीच्या घाटावर नेलं. दोन तासांनी काकांनी एका तरुण कामगाराचं प्रेत घाटावर आणलं आणि ते पायरीवर कुडकुडत बसले. रविराजनं धावत जाऊन गाडीतली शाल त्यांच्या अंगावर टाकली.

काकांनी ती काढून त्याच्या हातात दिली.

"मला नगं. त्याची आई यायच्या आत त्याच्यावर घाल."