खालच्या मजल्यावरची ऊब

किर्गिझस्तानातल्या नारीनमध्ये बर्फ पडत होता आणि खालच्या मजल्यावरच्या मुकाशची खिडकी सताड उघडी होती. वर राहणाऱ्या बुरुलसून आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरं तापवणारा गरम पाण्याचा पाइप त्याच्या घरातून वर तिच्याकडे यायचा. त्याने जादा रेडिएटर जोडून सगळी ऊब खालीच अडवली होती. बिल मात्र दोघांना सारखंच, आणि तिचा तान्हा नातू खोकून बेजार. बाळाला पाळण्यासकट उचलून ती तरातरा खाली उतरली. मुकाशने बनियनवरच दार उघडलं. “खिडकी कशाला उघडलीस?” “उकडतंय हो, आपा!” “उकडतंय? वर माझी सून कोट घालून रांधते, मेल्या!” त्याला बाजूला सारून तिने पाळणा रेडिएटरपाशी ठेवला आणि खिडकी धाडकन लावली. “अहो, हे काय?” “आमची ऊब इथे, तर आमचं बाळही इथेच.” “किती दिवस?” ती ऐसपैस मांडी घालून बसली. “नवरोजपर्यंत, वसंत येईपर्यंत. चहा टाक.”