एक झाड जास्त

पाणउंदरांनी बांध पोखरला, म्हणून आमचं तळं रिकामं करावं लागलं. लग्न झालं त्या वर्षी माझ्या नवऱ्यानं, डेल्बर्टनं, बुलडोझरनं माती ओढून हा बांध घातला होता. शेतीसाठी नव्हे, नुसतं पोहायला आणि गळ टाकून बसायला. पाणी उतरलं तशी गाळात ख्रिसमसची झाडं दिसू लागली. सण संपला की तो घरातलं झाड सिमेंटच्या ठोकळ्याला बांधून तळ्यात सोडतो. त्याच्या फांद्यांत मासे राहतात. मी बांधावरून मोजत गेले. "एकतीस वर्षांत तीसच झाडं हवीत," मी म्हणाले. "आपली नोरीन गेली त्या वर्षी मी घरात झाड येऊ दिलं नव्हतं. मग ही एकतीस कशी?" "माशांना दरवर्षी लागतं," डेल्बर्ट फावडं न थांबवता म्हणाला. एका झाडाच्या शेंड्याला काहीतरी बांधलेलं दिसलं. मी बूट काढून गाळात उतरले. "अगं, रुतशील! मग तुला काढायला पुन्हा बुलडोझर आणू का?" तो ओरडला. ती भाजक्या मातीची चांदणी होती, आमच्या लेकीनं पहिलीत असताना केलेली. नोरीन गेली त्या हिवाळ्यात ही चांदणी हरवली म्हणून मी डेल्बर्टला नाही नाही ते बोलले होते, आणि तो ऐकून घेत राहिला होता. मी गाळ पुसला. नोरीनच्या इवल्याशा अंगठ्याचा ठसा अजून तसाच होता. गुडघाभर चिखल तुडवत डेल्बर्ट मागे येऊन थांबला. "पाण्यात दिवे तेवढे लावता आले नाहीत गं," तो म्हणाला.