गुडघाभर पाण्यातली विद्या

जीव घेण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले ज्ञान जीव राखण्याच्या कामी येते, तेव्हा त्या ज्ञानापुढे नम्र व्हावे.

तलाव आटून गुडघाभर पाणी उरले होते आणि त्यात अकराच कार्प मासे. ते मेले, तर आषाढात पाण्यात बुडालेल्या गवतावर अंडी घालायला कोणीच राहणार नव्हते. पाऊस येऊन तलाव भरेपर्यंत त्यांना माझ्या विहिरीत हलवायचे ठरले. मी टोपली घेऊन त्यांच्यामागे धावलो. ते चिखलात दडले.

“धावू नका जी, गुरुजी! दमले का मरतेत,” मासेमारीत जन्म घालवलेल्या सगुणाबाई म्हणाल्या. “त्यायला भूक आहे. चिखल उकरला का आपणच येतेत.”

त्यांनी पायाच्या बोटांनी चिखल हळूच उकरला आणि त्या निश्चल उभ्या राहिल्या. वर आलेले किडे टिपायला मासे त्यांच्या घोट्यांशी आले. एकेकाखाली त्यांनी टोपली अलगद सरकवली.

अकरावा मासा विहिरीत उतरल्यावर मी संकोचत विचारले, “पुढे यांना खाणारच ना?”

“खाऊ ना जी! आधी त्यायची पिल्लं तं होऊ द्या.”

मी हात जोडले. या मत्स्यकुळाचा विस्तार होवो. त्याला जाणणाऱ्या पावलांखालचे पाणी कधी न आटो.